पहिली होडी शेजाऱ्याच्या हातानं

आमच्या जालन्याकडच्या टेंभुर्णीपासून समुद्र किती लांब आहे ते मला आजही नक्की सांगता येणार नाही, पण मी गोव्याची मुख्यमंत्री होते हे छातीठोक सांगता येतं. एका दिवसापुरती का होईना, होते. माझी मत्स्यव्यवसायमंत्री होती कहकशा, आमच्या शेताच्या धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे बांधापलीकडच्या, महेमूदचाचांची पोरगी. समुद्र आम्हा दोघींपैकी एकीनंही पाहिलेला नव्हता. मासा निदान तिनं खाल्लेला होता. मी तोही नाही, आमचं घर माळकरी.

झालं असं, की अंबडच्या एका संस्थेनं आमच्या जिल्ह्यातल्या चार शाळांची अभिरूप विधानसभा ठेवली. विषय समुद्रातली मासेमारी. गुजरात, महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक अशी चार राज्यं, प्रत्येक शाळेनं एक राज्य व्हायचं. केरळ राहिलं, कारण पाचवी शाळा मिळाली नाही. आमच्या सत्यशीला मॅडमनी चिठ्ठी उचलली आणि गोवा निघाला. वर्गात पोरं हसली. आमच्या जिल्ह्याच्या निम्मा पण नाही भरत गोवा, असं कोणीतरी म्हणालं. मॅडम म्हणाल्या, "लहान राज्याला बोलावं जास्त लागतं. म्हणून मुख्यमंत्री तृप्ती."

आता वर्ग हसला नाही, वर्ग गप्पच झाला. कारण तृप्ती म्हणजे मी, आणि मी हजेरीला सुद्धा नुसता हात वर करणारी. पण मागचं वर्षभर मॅडमनी मला रोज परिपाठाला बातम्या वाचायला उभं केलं होतं. पहिल्यांदा मी माझ्या चपलांना बातम्या वाचून दाखवायचे. मग पहिल्या रांगेला. मॅडमचं एकच म्हणणं असायचं, मैदानाच्या कोपऱ्यातल्या लिंबाच्या झाडाला ऐकू गेलं पाहिजे. एक दिवस त्या झाडावरचे कावळे उडाले आणि मॅडमनी टाळी वाजवली. माझ्या आवाजानं उडाले का आपल्या मनानं, मी विचारलं नाही. त्या दिवसापासून मी जी बोलायला लागले ती अजून थांबलेली नाही, आमच्या घरच्यांना विचारा.

स्पर्धेचा नियम मात्र वेगळाच होता. पहिला नंबर, दुसरा नंबर असलं काही नाही. चारही विधानसभांनी मिळून मासेमारीचा एकच कायदा करायचा, शब्दाला शब्द तोच, आणि तो दुपारी चारच्या आत मंजूर करायचा. झाला तर चारही राज्यांची पोरं सुट्टीत समुद्रावर. एक जरी राज्य अडलं, तर कोणीच नाही.

समुद्रावर! पाचवीपासून नकाशा रंगवताना माझी निळी कांडी सगळ्यात आधी संपते, एवढंच मला समुद्राबद्दल माहीत होतं. तरी मी सगळ्या गल्लीत सांगून टाकलं की मी समुद्र बघायला चालले. शेजारच्या पुष्पाबाईंनी देवघरासाठी शंख आणायला सांगितला. मी हो म्हणाले. पप्पा म्हणाले, "आधी जिंका तर खरं. मंग शंख फुंका."

मॅडमनी आम्हाला चांगलं समजावून दिलं. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या हातात, त्यापुढची केंद्राच्या. म्हणजे प्रत्येक राज्याची विधानसभा आपापल्या पाण्याचा कायदा करू शकते. पण माशाला काय आधार कार्ड असतं? तो आज गोव्यात, उद्या कर्नाटकात. एकानं पिलांच्या दिवसांत मासेमारी बंद ठेवली आणि शेजाऱ्यानं चालू ठेवली, तर बंद ठेवणारा येडा ठरतो. म्हणून ठरवायचं तर सगळ्यांनी मिळून. खेळापुरतं असं धरायचं होतं की चारही राज्यांच्या बंदीच्या तारखा वेगवेगळ्या आहेत आणि कोणाचं कोणाशी पटत नाही.

अंबडला आम्ही सकाळच्या एसटीनं पोचलो. मोठा हॉल, चार कोपऱ्यांत चार विधानसभा, मधे एक फळा. सभापती होते बद्रीनाथ सर. मूळचे जांब समर्थचे, पण मत्स्यव्यवसाय खात्यात सगळी नोकरी कोकणात करून आलेले. पांढऱ्या मिशा, हळू आवाज. महाराष्ट्राचा मुख्यमंत्री अंबडचाच कल्याण, उंच, हातात पेन फिरवत बोलणारा. गुजरातचा देवानंद, जाफराबादचा. कर्नाटकाची फरहाना, जालन्याची.

पहिल्यांदा कायद्याची प्रस्तावना ठरवायची होती. बंदी का ठेवायची, ते एका वाक्यात. मी आमच्या शाळेत बसून, कहकशाशी चर्चा करून, फार सुंदर वाक्य तयार करून नेलं होतं. लिंबाच्या झाडाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं: "उन्हाळ्यात समुद्राचे पाणी कमी होत असल्याने त्या काळात मासेमारी बंद ठेवणे आवश्यक आहे."

कोणीच हरकत घेतली नाही. कल्याण म्हणाला, एकदम बराबर. देवानंदनं मान हलवली. फरहानानं फळ्यावर लिहून पण टाकलं, आणि चारही राज्यांनी आपापल्या कागदावर उतरवून घेतलं. इतकी एकी त्या दिवशी पुन्हा चारपर्यंत झाली नाही.

मग बद्रीनाथ सरांनी चष्मा काढला. "कमी होतं? उन्हाळ्यात? मग ते पाणी जातं कुठे?"

आमची विहीर मार्चमध्ये तळाला जाते. गावचा तलाव एप्रिलमधे मैदान होतो, त्यात पोरं क्रिकेट खेळतात. आटलं म्हणजे आटलं, कुठं जातं हा काय प्रश्न आहे का? सरांचे खांदे हलायला लागले. त्यांनी रुमाल काढून डोळे पुसले, आणि सांगितलं की समुद्र उन्हाळ्यात आटत नाही, पोरांनो. बंदी जून-जुलैत असते, कारण तेव्हा समुद्र खवळलेला असतो आणि बरेचसे मासे अंडी घालतात.

कल्याणनं लगेच बाजू बदलली. "गोव्याच्या मुख्यमंत्र्यांनी समुद्र आटवला," तो म्हणाला, "अन् ऐकलं की माळकरी बी हायेत. मासे वाचवायचा चांगला उपाय केला."

सगळा हॉल हसला. वर्षापूर्वीची मी असते तर टेबलाखाली गेले असते. कान तापलेच, पण मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, आमच्याकडं सगळंच आटतं. म्हणून वाटलं. पण फळ्यावर चौघांचं वाक्य हाये, माझ्या एकटीचं न्हाई." आता लोक कल्याणकडे बघून हसले. सर म्हणाले, मुद्दा मान्य.

जून-जुलै ठरलं. कलमं लिहायला घेतली आणि खरी लढाई सुरू झाली.

देवानंद म्हणाला, आमचा किनारा सगळ्यात लांब, बंदीत आमचंच नुकसान जास्त, तेव्हा आधी महाराष्ट्रानं होड्या किनाऱ्याला लावाव्यात, मग आम्ही. कल्याण म्हणाला, महाराष्ट्र बंद करेल, पण गुजरातनं बंद केल्याचं दिसल्यावर. नाहीतर आमचे लोक घरी बसणार आणि तुमच्या होड्या आमच्या पाण्यात. फरहाना म्हणाली, कर्नाटक गोव्याच्या मागून. मला विचारलं तर मी काय म्हणावं? मी म्हणाले, गोवा एवढुसा, मोठ्यांनी आधी बंद करून दाखवावं, आम्ही सगळ्यात शेवटी. फार हुशारीनं बोलले असं वाटलं मला.

जेवायच्या सुट्टीपर्यंत हेच. तू आधी, तू आधी. फळ्यावर एका कलमाच्या पुढे गाडी सरकली नाही. जेवायला जाताना सर एवढंच म्हणाले की चारला फळा पुसायचा आहे.

हॉलबाहेर पायरीवर मी आणि कहकशा डबा घेऊन बसलो. मी कल्याणला नावं ठेवत होते. कहकशा नुसती चपातीचे तुकडे करत होती, खात नव्हती. ती चिडली की अशीच करते. मी विचारलं काय झालं.

"तू बी तेच करून राह्यली," ती म्हणाली. "तुझे पप्पा अन् माझे अब्बा करत होते, बिलकुल तेच."

आणि मी कल्याणला नावं ठेवायची थांबले, कारण ती बरोबर होती.

ही दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्याकडे कापसाच्या शेवटच्या वेचणीनंतर पऱ्हाटी, म्हणजे कापसाची उभी झाडं, उपटून टाकायची असते. पण काहीजण पाणी देऊन ती तशीच उभी ठेवतात, अजून दोन-चार बोंडं येतील म्हणून. त्याला फरदड म्हणतात. त्या फरदडीत गुलाबी बोंडअळी मजेत राहते आणि पुढच्या वर्षी सगळ्या शिवाराचा कापूस खाते. ग्रामपंचायतीसमोर बैठक झाली. फरदड कोणीच ठेवायची नाही असं ठरलं आणि सगळ्यांनी माना हलवल्या. उपटली मात्र कोणीच नाही. पप्पा रोज धुऱ्यावर जाऊन महेमूदचाचांच्या वावरात बघायचे आणि म्हणायचे, त्यांनी उपटली की मी उपटतो. चाचा पलीकडून आमच्या वावरात बघायचे आणि तेच म्हणायचे. हळूहळू दोघांचं बोलणं बंद झालं. मी आणि कहकशा एका वर्गात, पण तेव्हा आमचंही फारसं बोलणं नव्हतं. घरची हवा दप्तरातून शाळेत येतेच.

मग एका सकाळी महेमूदचाचा खांद्यावर पऱ्हाटी उपटायचा चिमटा घेऊन धुरा ओलांडून आले. मी तिथंच होते. वाटलं, आता भांडण. चाचा म्हणाले, "पुंजारामभाऊ, तुमच्याच्यानं तुमची उपटना, माह्याच्यानं माही. तुमची पह्यली ओळ मी उपटतो, माही तुमी उपटा. मंग पुढचं ज्याचं त्यानं." आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी आमची पऱ्हाटी चिमट्यात धरली.

मग पप्पा घरातून आमचा चिमटा घेऊन आले आणि पलीकडे गेले. दुपारपर्यंत दोन्ही वावरं मोकळी. ते बघून पलीकडच्या शेतवाल्यानं त्याच्या शेजाऱ्याची ओळ उपटली. आता गावात रीतच पडली आहे, पहिली ओळ शेजाऱ्याच्या हातानं. त्या दिवशी मी चहा घेऊन त्यांच्या वावरात गेले आणि कहकशा आमच्या, आणि वाटेत धुऱ्यावर आमची टक्कर झाली. तिथून आमची मैत्री. चहा थोडा सांडला, तेवढाच काय तो खर्चा.

"तुला आठवलं, तर तूच बोल ना," मी तिला म्हणाले.

"मी मंत्री हाये. तू मुख्यमंत्री. अन् तुझा आवाज कावळे उडवतो." मग तिनं चपाती खाल्ली.

दुपारी मी उभी राहिले. सकाळचं माझं बोलणं मागे घेतलं, गोवा शेवटी नाही तर सगळ्यात आधी थांबेल असं सांगितलं. मग चिमट्याची गोष्ट जशीच्या तशी सांगितली. सगळी पोरं कापसाच्या मुलखातली, फरदड म्हणजे काय हे कोणाला समजवावं लागलं नाही. आणि म्हणाले, आमचं कलम असं आहे: बंदीच्या पहिल्या दिवशी प्रत्येक राज्यातली पहिली होडी शेजारच्या राज्याच्या आमदारांनी येऊन, दोर धरून, वाळूवर ओढायची. त्यांची आपण, आपली त्यांनी. आणि बंदी संपेपर्यंत प्रत्येक बंदरावरच्या देखरेखीत शेजारच्या राज्याचा माणूस असणार. "गोव्याची पहिली होडी ओढायला महाराष्ट्राला बोलावते," मी म्हणाले. "कल्याणभाऊ, येता का?"

कल्याणचं पेन थांबलं. तो म्हणाला की कल्पना ठीक आहे, पण दुसऱ्या राज्याचे लोक आमच्या बंदरात येऊन आमचीच होडी ओढणार, मग महाराष्ट्राची इज्जत काय राहिली?

मी तोंड उघडायच्या आत कहकशा उठली. दिवसभरात तिचं सभागृहातलं पहिलं वाक्य. "माझ्या अब्बानं ओळ उपटली तवा पुंजारामचाचाची इज्जत न्हाई गेली," ती म्हणाली. "बोंडअळी गेली."

हॉल दणाणला. बद्रीनाथ सरांनी टेबलावर हात आपटला, शांततेसाठी का आनंदानं, कळलं नाही. कल्याण पण हसला, मनापासून. आणि तिथून त्याला दिवसभर जो टोचून बोलायचा उत्साह होता तो सगळा त्यानं कामाला लावला. कलम नीट लिहून त्यानंच काढलं. त्याचे शब्द माझ्यापेक्षा चांगले होते, हे मला मान्य करावं लागलं.

देवानंद अजून अडून होता. लांब पाण्यात गेलेल्या होड्यांना परत यायला वेळ लागतो, त्यांना पहिल्या दिवशी पकडलं तर अन्याय होईल. मी म्हणाले ही अडचण गोवा मांडेल, गुजरातनं मांडली तर लोकांना वाटेल स्वतःसाठी सवलत मागतात. मग देवानंद उठून कर्नाटकाच्या छोट्या होड्यांची बाजू मांडायला लागला, कोणी न सांगता. फरहाना म्हणाली, आता सगळे शेजाऱ्याच्याच वावरात शिरले, आपलं कोण बघणार? पण हसत म्हणाली.

चारला थोडा वेळ असताना चारही मसुदे सरांसमोर गेले. ते एकेक वाचू लागले. वाचता वाचता पुन्हा त्यांनी चष्मा काढला, पुन्हा खांदे हलायला लागले.

सर मोठ्यानं वाचायला लागले: "उन्हाळ्यात समुद्राचे पाणी कमी होत असल्याने, जून आणि जुलै महिन्यांत..."

प्रस्तावना! भांडणाच्या भरात ती पुसायचीच राहिली होती. कल्याणनं डोक्याला हात लावला. मी मॅडमकडे बघितलं, मॅडम छताकडे बघत होत्या.

सर म्हणाले, "चूक आहे. पण चारही राज्यांची चूक शब्दाला शब्द एकच आहे, आणि नियम तेवढंच मागतो. कायदा मंजूर." मग म्हणाले, "आता चारही विधानसभांनी एकमतानं ते वाक्य काढून टाका. मला झोप लागली पाहिजे."

असं एकमतानं वाक्य गेलं. फळा पुसायला आम्ही सगळेच धावलो.

जूनच्या सुरुवातीला, शाळा उघडायच्या आधी, आम्ही रत्नागिरीकडच्या एका बंदराला गेलो. कहकशाच्या अम्मीनं, गौहरचाचींनी, आधी नको म्हटलं होतं. सत्यशीला मॅडम टेंभुर्णीच्या त्यांच्या घरी जाऊन बसल्या, चहा प्यायल्या, आणि माझे पप्पा पण गेले. ते म्हणाले, भाभी, माझी पोरगी तुमच्या पोरीच्या वाक्यावर जिंकली, तीच न्हाई गेली तर कसं? चाचींनी वाटेत खायला एवढे सामोसे दिले की बसमध्ये गुजरातपासून कर्नाटकापर्यंत सगळ्यांना पुरले.

समुद्राबद्दल मी लिहिणार नाही. निळी कांडी पुरत नाही, एवढंच.

बंदी सुरू झालेली, पाण्यात एक होडी नाही. सगळ्या वाळूवर, निळ्या ताडपत्र्या पांघरून झोपल्यासारख्या. एकच राहिली होती. तिचं इंजिन उतरवून झालं होतं आणि बाया-माणसं मिळून तिला वर ओढत होती. त्यांतल्या एका मावशीनं विचारलं, तुम्ही पोरं कुठली? फरहाना म्हणाली जालन्याची, आणि मावशी म्हणाली, ते कुठं आलं? पण उत्तराला थांबली नाही. दोराचं टोक तिनं आमच्या पुढे केलं.

कल्याणनं धरलं, देवानंदनं धरलं, कहकशानं ओढणी कमरेला खोचली. मी तिच्या मागे. मावशीनं हाळी दिली की सगळ्यांनी एकदम जोर लावायचा. होडी हलली, कुरकुरली, आणि वाळूवरून वर आली. माझे तळहात सोलले होते आणि मी वेड्यासारखी हसत होते. महेमूदचाचांना हे सांगायचं होतं, लगेच, तिथूनच. फोनला रेंज नव्हती. मग मी मनातल्या मनात सांगितलं, मॅडमना मात्र तोंडावर थँक्यू म्हणाले. मॅडम म्हणाल्या, हळू बोल, समोर लिंबाचं झाड नाहीये.

जेवून, चहा पिऊन, चार-पाच तासांनी आम्ही परत किनाऱ्यावर आलो तर मी जागच्या जागी थांबले. मघाशी जिथे लाटा होत्या, तिथे ओली वाळू चकाकत होती. खडक उघडे पडले होते. पाणी कुठच्या कुठे मागे गेलं होतं, आणि पोरं तिथे उतरून खेकडे बघत होती, अगदी आमच्या तलावात एप्रिलमधे उतरतात तशी.

"तृप्ते," कल्याण ओरडला, "तुझा समुद्र आटला की!"

मी बद्रीनाथ सरांकडे वळले. ओल्या वाळूकडे बोट केलं. सरांनी चष्मा काढला.

"ओहोटी," ते म्हणाले. "दिवसातून दोनदा. अंबडला तू ते वाक्य वाचलंस तेव्हा मी हे सांगायला हवं होतं. हसत बसलो."

"म्हणजे वाक्य अर्धं खरं होतं, सर."

"अर्ध्याला काही कमी," सर म्हणाले.

कहकशा ओल्या वाळूतून माझ्या नावानं हाका मारत येत होती. तिच्या मुठीत एक छोटा, कानाएवढा शंख होता. पुष्पाबाईंचा. मला आठवणही राहिली नव्हती.